तूसांग काकांची रायफल

तूसांग काकांनी आयुष्यात कुणाला सरळ उत्तर दिलं असेल असं मला वाटत नाही. चहात साखर किती घालू असं विचारलं तरी ते कपाकडे बघत म्हणायचे, "तू सांग." आज बर्फ पडेल का? तू सांग. नवा टीव्ही मोठा घ्यावा की छोटा? तू सांग. कॉलेजात ते गणित शिकवायचे. तिथेही म्हणे पोरं उत्तराची वाट बघत बसायची आणि हे खडू पुढे करून उभे राहायचे. काकूंनी सांगितलेला किस्सा तर आमच्यात प्रसिद्धच होता. काकांनी मुलगी बघितली, पोहे खाल्ले, आणि सासऱ्यांनी पसंती विचारल्यावर म्हणाले, "ते तिला विचारा." काकू हो म्हणाल्या म्हणून ते लग्न झालं. त्यांचं खरं नाव आमच्यात कुणी घेत नसे. तोंडावर काका आणि पाठीमागे तूसांग काका.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. पूर्व वायोमिंगमधलं आमचं गाव म्हणजे कोळशाची खाण, मालगाड्या, एक लहानसं कॉलेज आणि वारा. दीडशे मैलांत मराठी घरं चार. काका मूळचे यवतमाळचे, पण अमेरिकेत आले ते आधी विस्कॉन्सिनच्या जंगलात, आणि तिथे घरमालकाच्या नादानं हरणाची शिकार शिकले. गणिताचा मास्तर खांद्यावर रायफल टाकून फिरतो याची आमच्यात भरपूर चेष्टा व्हायची. काही मंडळी नाकंही मुरडायची. पण काकूंनी यवतमाळहून आणलेल्या काळ्या मसाल्यात हरणाचं मटण शिजवलं की हीच मंडळी डबे घेऊन हजर. काकू डबे भरून द्यायच्या.

माझा नवरा, सुधीर, खाणीत इंजिनीअर होता. फेब्रुवारीतल्या एका सकाळी तो ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतून उतरला आणि पडला. चौतिसाव्या वर्षी हार्ट अटॅक. मला लॅबमध्ये फोन आला तेव्हा मी पाण्याचे नमुने तपासत होते. फोन ठेवल्यावर हातातला नमुना मी पूर्ण तपासला, आकडा लिहिला, सही केली आणि मग निघाले. लोकांना हे सांगितलं की ते माझ्याकडे चमकून बघतात. मी काही धीराची बाई नाही. आतून काहीच येत नव्हतं, इतकंच. पुढेही बरेच महिने आलं नाही. रडायला येत नाही म्हणून लाज वाटायची, पण तीसुद्धा वरवरचीच.

त्या दिवसांत माझी एक गोष्ट पार गेली, ती म्हणजे ठरवणं. दुकानात टोमॅटोचं सूप घ्यावं की मशरूमचं, एवढ्यावर मी दहा-दहा मिनिटं उभी राहायचे आणि दोन्ही न घेता परत यायचे. मिनी, माझी सहा वर्षांची मुलगी, "ममा, जस्ट पिक वन," म्हणून ट्रॉलीला लोंबकळायची. माझ्या वतीनं ठरवणारे मात्र पुष्कळ होते. बाबांचं पत्र दर पंधरा दिवसांनी यायचं: परत ये, इथे आम्ही आहोत. नागपूरहून मोठे दीर लिहायचे: एकट्या बाईनं परदेशात राहण्यात अर्थ नाही. मे महिन्यात त्यांनी कळवलं की नोव्हेंबरात मी स्वतः न्यायला येतो, घर विकायला काढ, मिनीच्या शाळेचं इथे बोलून ठेवतो. उत्तर कळव, असंही शेवटी होतं. मी ते पत्र फ्रीजवर चिकटवलं आणि रोज त्याच्या समोर उभी राहून दूध काढत राहिले. जावं असं वाटत नव्हतं आणि राहावं असंही वाटत नव्हतं.

अशाच एका संध्याकाळी काका आले. सुधीर गेल्यापासून ते यायचे, चहा घ्यायचे, मिनीला पाढे विचारायचे आणि जायचे. सांत्वनाचा शब्द त्यांनी एकदाही काढला नाही. त्या दिवशी त्यांच्या हातात बंदुकांच्या दुकानातून आणलेली एक पुस्तिका होती. त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले की नवीन रायफल घ्यायची आहे, कोणत्या कॅलिबरची घेऊ ते तू ठरव. मी म्हटलं, काका, मला कॅलिबर म्हणजे काय हेही माहीत नाही. ते म्हणाले, "मग शीक. सीझन ऑक्टोबरात आहे, टाइम आहे."

त्यांची अडचण मात्र खरी होती, ती मला नंतर समजली. कॅलिबर म्हणजे ढोबळमानानं गोळीची जाडी. काकांची जुनी रायफल विस्कॉन्सिनच्या जंगलातली. तिथे झाडांमुळे शंभर पावलांपलीकडचं काही दिसतच नाही, त्यामुळे तिची जाड, संथ गोळी चालून जायची. आमच्याकडे सगळा उघडा माळ. इथलं हरीण, खेचरासारख्या लांब कानांचं, दोनशे-तीनशे यार्डांवर उभं राहून आपल्याकडे निवांत बघत बसतं. तेवढ्या अंतरात जुनी गोळी फूट-दीड फूट खाली पडायची. आदल्या वर्षी काकांच्या गोळीनं एका हरणाचा पाय मोडला आणि ते तसंच टेकडीपलीकडे गेलं. काकांनी ते दीड दिवस शोधलं. सापडलं नाही. काकूंनी सांगितलं की त्या आठवड्यात काका कॉलेजात गेले, शिकवून आले, पण घरात एक अक्षर बोलले नाहीत.

"गोळी सरळ जाते असं लोकांना वाटतं," काकांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं. "सुटली की ती पडायलाच लागते, फेकलेल्या दगडासारखी. प्रश्न एवढाच, किती पडते. उघड्यावर माणसाचा अंतराचा अंदाज हमखास चुकतो. म्हणून गोळी अशी घ्यायची की आपण पन्नास यार्डांनी चुकलो तरी जनावराचे हाल होऊ नयेत." काकांकडून सलग ऐकलेलं हे माझ्या माहितीतलं सगळ्यांत लांब भाषण.

मग शनिवार सुरू झाले. मिनीला काकूंकडे सोडायचं आणि काकांच्या जुन्या स्टेशन वॅगनमधून माळावर जायचं. रायफल बरोबर नसायचीच. काका बोटानं एखादी वस्तू दाखवायचे, कुंपणाचा खांब, पवनचक्की, बसलेली गाय, आणि विचारायचे, किती? मी म्हणायचे, दीडशे. मग दोघांनी चालत जायचं, पावलं मोजत. काकांनी माझं पाऊल आधी टेपनं मोजून घेतलं होतं आणि कुठल्या आकड्यानं गुणायचं ते एका चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. खांब निघायचा दोनशे साठ यार्डांवर. त्या कोरड्या हवेत सगळंच जवळ दिसायचं. मी दर वेळी कमी सांगायचे. काका चूक म्हणायचे नाहीत की बरोबर म्हणायचे नाहीत, पुढचा खांब दाखवायचे. एकदा ज्या गाईवर आम्ही अंदाज बांधत होतो तीच उठून चालायला लागली आणि काका कमरेवर हात ठेवून तिच्याकडे असे बघत राहिले, जणू एखादा विद्यार्थीच वर्गातून परवानगीशिवाय उठला होता.

मी सुधारत गेले याचं मला काही विशेष वाटलं नाही. पावलं मोजताना दुसरं काही मोजावं लागत नव्हतं, तेवढं बरं होतं. शनिवारी झोप लागायची. जूनपासून ऑगस्टपर्यंत मी तो माळ इतका चालले की बुटांचे तळ गेले, आणि नवे बूट घेताना मी दुकानात किती वेळ उभी होते हे आता आठवत नाही, म्हणजे फार वेळ नसेन.

घरी मी तक्ता केला. लॅबमधली बाई दुसरं काय करणार? मोठ्या कागदावर आडवी पाच कॅलिबरं, उभे रकाने: तीनशे यार्डांवर किती पडते, वाऱ्यानं किती सरकते, पोचते तेव्हा जोर किती उरतो. आकडे पुस्तिकेतून घेतले, शंका आली तिथे दुकानदाराला फोन केला. एका बाईनं, तेही माझ्या इंग्रजीत, गोळीच्या घसरणीबद्दल तीन-तीनदा फोन करावा याचं त्याला फार कौतुक. काकू चष्मा लावून तो तक्ता बघायच्या. "किती गुण जुळले?" त्या विचारायच्या. "मंगळ आहे का कुणाला?" काका हसायचे आणि डाव्या हातानं कप उचलायचे.

त्या डाव्या हाताबद्दल पुढे लिहायचं आहे म्हणून तो इथे आणला असं नाही. मी तो रोज बघत होते. काकांचा उजवा खांदा वर्षभरापासून दुखत होता. फळ्यावर वरच्या बाजूला लिहिता येत नाही म्हणून ते हल्ली खालीच लिहायचे, कोट घालताना काकू मागे उभ्या राहायच्या. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि माझ्या तक्त्यात नव्हतं. रायफल उजव्या खांद्याला लावतात आणि ती उडते तेव्हा मागे लाथ मारते, हे मला तोवर चांगलं माहीत झालं होतं. पण पुस्तिकेत लाथेचा रकाना नव्हता, म्हणून मीही केला नाही.

ऑगस्टच्या शेवटी मी सांगितलं: सेव्हन एमएम मॅग्नम. तक्त्यात ती सगळ्यांत सरस होती. तिच्या खालोखालच्या कॅलिबरपेक्षा ती तीनशे यार्डांवर फार तर एखादा इंच कमी पडायची, वाऱ्यात कमी सरकायची, जोर तिचा सगळ्यांत जास्त. फेब्रुवारीनंतर मी पहिल्यांदा एखादी गोष्ट ठरवली होती, आणि ती सांगताना माझा आवाज मलाच जरा मोठा वाटला. काकांनी तक्ता शांतपणे वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि "बरं" म्हणाले. त्या आठवड्यात त्यांनी तीच रायफल घेतली. मला आणून दाखवलीसुद्धा.

सप्टेंबरात ते एकटेच माळावर जाऊन निशाणा बसवू लागले. मला म्हणाले, शनिवारची आता सुट्टी. मला काही खटकलं नाही. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी मी काकूंकडे मिनीचा स्वेटर घ्यायला गेले. दार उघडंच होतं. काका स्वयंपाकघरात खुर्चीवर बनियनमध्ये बसले होते आणि काकू त्यांच्या खांद्यावर हळदीचा गरम लेप लावत होत्या. खांदा गळ्याच्या हाडापासून दंडापर्यंत काळानिळा झाला होता, आणि कडेनं जुने पिवळे डाग. म्हणजे एकदाचा नव्हता तो मार. काका माझ्याकडे बघून शर्ट शोधायला लागले.

मी विचारलं, काका, हे तुम्ही मला का नाही सांगितलं?

"तू ठरवलं होतंस," ते म्हणाले.

"पण चुकीचं ठरवलं होतं."

"हो," काका म्हणाले. "चुकीचंच होतं. दुकानात पाहूनच समजलं मला. पण मी तेव्हा नको म्हटलं असतं, तर तू पुन्हा काही सांगितलं असतंस का?"

 काकू लेप लावत राहिल्या आणि नवऱ्याकडे न बघता मला म्हणाल्या की यांना आता गोळी सुटायच्या आधीच डोळे मिटायची सवय लागली आहे, असं यांनीच कबूल केलंय, आणि असं डोळे मिटून कुणी हरीण मारू नये. मला त्या क्षणी काय वाटलं ते मी नीट सांगू शकते, कारण कित्येक महिन्यांत वाटलेली ती पहिली गोष्ट होती. राग आला. काकांचा आला, माझा आला, त्या तक्त्याचा आला. मी एका इंचासाठी या माणसाचा खांदा फोडला होता, आणि तो रोज माझ्यासमोर डाव्या हातानं चहा पीत होता.

मी खुर्ची ओढून बसले आणि या वेळी काकांना प्रश्न विचारले. हात किती वर जातो, कुठे दुखतं, किती गोळ्यांनंतर दुखतं. त्यांनी उत्तरं दिली, मुकाट्यानं. मग मी म्हटलं, ही परत करा. टू-फॉर्टी-थ्री घ्या. लहान गोळी आहे, लाथ जवळजवळ नाही, आणि सरळही बऱ्यापैकी जाते.

"जोर कमी पडतो," काका म्हणाले. "फार लांबून मारता येणार नाही."

"मग मारू नका. जवळ जा. दोनशेच्या पुढे असेल तर सोडून द्या."

 "बरं," काका म्हणाले, आणि सोमवारी रायफल बदलून आणली. दुकानदारानं कारण विचारलं तेव्हा, माझ्या इंजिनीअरनं डिझाइन बदललं, असं म्हणाले म्हणे.

ऑक्टोबरात मी त्यांच्याबरोबर गेले. दोघांच्या अंगात शिकाऱ्यांना सक्तीची नारिंगी जाकिटं, वारा समोरून. सकाळी दोन हरणं लांब दिसली. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी तीनशे चाळीस म्हटलं आणि आम्ही ती सोडून दिली. दुपारी एका घळीच्या काठानं अर्धा तास ओणवं चालून, शेवटी पोटावर सरकत, आम्ही एका नराच्या जवळ पोचलो. मी हळूच म्हटलं, एकशे साठ. काकांनी एकच गोळी झाडली. हरीण दोन पावलं चाललं आणि बसल्यासारखं खाली गेलं. मी पावलं मोजत गेले. एकशे पंचावन्न.

काकांनी त्याच्या कपाळाला हात लावला. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, वाटलं नाही. मग हरणाचं पोट फाडून आतडी काढायचं काम सुरू झालं. काकांचा खांदा साथ देईना, म्हणून मी बाह्या वर केल्या आणि ते सांगतील तसं करत गेले. बाहेर हवा गोठवणारी आणि आत ऊब. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत त्या उबेत होते. मी काम संपल्यावरही ते लगेच बाहेर काढले नाहीत. काका घळीकडे तोंड करून उभे राहिले, मला घाई केली नाही, आणि मी तिथे गुडघ्यांवर बसून बराच वेळ रडले.

दुसऱ्या दिवशी मी दिरांना पत्र लिहिलं. तीन ओळींचं. मी आणि मिनी इथेच राहणार आहोत, तुम्ही यायला निघू नका, माझं ठरलं आहे. बाबांना निराळं लिहिलं, जरा लांब. दिरांनी तिकीट कॅन्सल केलं आणि पुढे दोन वर्षं मला पत्र पाठवलं नाही. पत्रं टाकून मी परस्पर काकांकडे गेले आणि सांगितलं. ते वर्गाचे पेपर तपासत होते. त्यांनी मान वर केली, "बरं" म्हणाले आणि पुढचा पेपर घेतला. मला तेवढंच अपेक्षित होतं. शाबासकी देणारा माणूस नव्हताच तो.

आम्ही राहिलो. पुढचे चार सीझन मी काकांबरोबर गेले. मिनी मोठी झाली, मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देऊ लागली. मग काकांचा आजार निघाला, पोटाचा, आणि फार वेळ मिळाला नाही. शेवटच्या भेटीत ते खूप झोपेत होते. मी खाटेजवळ बसले होते. त्यांनी डोळे उघडून मला पाहिलं आणि मिनीचं गणित कसं चाललंय ते विचारलं. चांगलं चाललंय, मी म्हटलं. ते गेले तेव्हा मला पुन्हा काही वाटलं नाही. फोन ठेवला, भात लावला होता तो उतरवला. मी स्वतःला आता ओळखत होते, म्हणून घाबरले नाही.

काकांचे दिवस झाल्यावर काकू मुलीकडे जॉर्जियाला राहायला निघाल्या. मी सामान बांधायला गेले होते. खोकी चिकटवता चिकटवता मी म्हटलं, काका नसते तर मी तेव्हा परत गेले असते. फक्त काकांनाच वाटत होतं मी राहावं. काकूंनी टेपचं बंडल खाली ठेवलं.

"छे गं," त्या म्हणाल्या. "त्यांना वाटत होतं तू जावंस. रोज म्हणायचे. लहान पोर घेऊन एकटी बाई या ओसाड मुलखात कशी राहील, आपलं काय, आपण आज आहोत उद्या नाही. तुझ्या बाबांचं पत्र आलं होतं त्यांना, तिला समजावा म्हणून. यांनी लिहिलं, माझंही मत तेच आहे, पण मी तिला सांगणार नाही."

मी विचारलं, मग मी राहते म्हणून सांगितलं तेव्हा?

"त्या दिवशी जेवले नाहीत," काकू म्हणाल्या. "जिवाला लावून घेतलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन तुझ्याकडे आले, तुझ्या खिडक्यांची मापं घ्यायला. हिवाळ्यात वारा आत येऊ नये म्हणून."

ते आले होते, मला आठवत होतं. एकेक खिडकी मोजून त्यांनी हाताच्या पंजावर आकडे लिहिले होते, आणि मी चहा टाकायला आत गेले होते.